व्यतिकरण नव्हे, व्यत्यय

गेल्या पावसाळ्यात छत्रपती संभाजीनगरातील एका शाळेच्या संगणक कक्षात जाण्याचा योग आला. निमंत्रण व्याख्यानाचे होते, पण बाईंनी आधी एक तक्रार पुढे ठेवली. आठवीतील एका मुलीची दृष्टी फारच अधू आहे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीच्या मदतीने ती संगणक वापरते. इतर मुलांना त्रास होऊ नये म्हणून तिला ब्लूटूथचे हेडफोन दिलेले आहेत. या हेडफोनमधील आवाज अधूनमधून तुटत असे. शब्द अर्धवट ऐकू येत, कधी सबंध वाक्यच गळून जाई. शाळेने हेडफोन दोनदा बदलले, पण फरक पडला नाही. शेवटी ‘ऐकताना लक्ष नसते’ असा शेरा मुलीच्या वहीत पडला.

“असे केव्हा होते?” मी विचारले.

“केव्हाही होते, सर,” बाई म्हणाल्या. “इथे माऊस बिनतारी, कीबोर्ड बिनतारी, शिवाय वाय-फाय आहेच. लहरी लहरींवर आदळतात. त्याला आपण काय करणार?”

मुलगी हळूच म्हणाली, “केव्हाही नाही, बाई. ती डबी घुरघुरायला लागली की होतं.”

डबी म्हणजे संगणकाला बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. धड्यांच्या चित्रफिती तीत साठवलेल्या होत्या आणि दर आठवड्याला त्या संगणकावर उतरवून घेतल्या जात.

बाई कष्टाळू आहेत आणि त्यांनी सांगितलेले कारण त्यांचे स्वतःचे नाही. ‘लहरी एकमेकींवर आदळतात’ हे वाक्य वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, दुकानदारांच्या तोंडी आणि क्वचित आपल्या वर्गांतही सर्रास ऐकू येते. या लेखातील टीका त्या वाक्यावर आहे. ते चुकीचे आहे एवढीच माझी तक्रार नाही. ते ऐकले की पुढचे प्रश्न विचारणे थांबते, ही अधिक मोठी तक्रार आहे. बाईंच्या शाळेत हेडफोनचा दोनदा खर्च झाला, आणि दोष लागला तो नेमके निरीक्षण करणाऱ्या एकमेव व्यक्तीला.

लहरी आदळत नाहीत

हौदातील शांत पाण्यात दोन बाजूंनी दोन खडे टाकून पाहा. दोन्हीकडून वर्तुळे पसरतात, एकमेकांतून जातात आणि पलीकडे आपापल्या मार्गाने पुढे सरकतात. जिथे ती भेटतात तिथे पाण्याची उंची दोहोंच्या बेरजेइतकी होते, पण भेटीनंतर कोणतेही वर्तुळ मोडलेले नसते. हवेतून जाणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरींचेही असेच आहे. माऊसची लहर हेडफोनच्या लहरीला धक्का देत नाही, तिला वाटेतून बाजूलाही सारत नाही.

मग आवाज तुटतो कसा? अडचण हवेत होत नाही, ती रिसीव्हरमध्ये होते. एसटी स्टँडवर गाडीची घोषणा चालू असताना शेजारच्या बसचे इंजिन सुरू झाले, तर घोषणेचा आवाज नष्ट होत नाही. तो आपल्या कानापर्यंत येतोच. मात्र इंजिनाच्या आवाजातून तो वेगळा काढणे कानाला जमत नाही. रिसीव्हरला हवा असलेला संदेश आणि त्याच वेळी आलेला गोंगाट यांचे गुणोत्तर एका मर्यादेखाली गेले की तो संदेश ओळखू शकत नाही. सारा प्रश्न या गुणोत्तराचा आहे.

येथे आपल्या भाषेने दिलेली एक सोय आपण वाया घालवतो. इंग्रजीत दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द आहे. यंगच्या दोन फटींच्या प्रयोगात पडद्यावर उजळ आणि काळे पट्टे दिसतात, त्याला मराठीत आपण व्यतिकरण म्हणतो. त्यासाठी दोन्ही लहरींची वारंवारता समान आणि त्यांच्या कलांतील फरक स्थिर असावा लागतो. दूरदर्शनवरील ‘रुकावट के लिए खेद है’ ही पाटी ज्यांना आठवते, त्यांना दुसरी गोष्ट माहीत आहे. ती म्हणजे व्यत्यय. त्यासाठी कलांचे कोणतेही नाते लागत नाही. नको असलेली ऊर्जा नको तिथे पोहोचली की पुरे. विद्यार्थी बारावीपर्यंत व्यतिकरणाची गणिते सोडवतात, पण व्यत्ययाचे नावही घेत नाहीत. त्यामुळे हेडफोन बिघडला की त्यांना पाठ असलेले व्यतिकरणच आठवते आणि ‘लहरींनी लहरींना नष्ट केले’ असे उत्तर तयार होते. रोजच्या जीवनात मात्र गाठ पडते ती बहुतेक वेळा व्यत्ययाशी.

अर्धे खरे असलेले दुसरे कारण

जरा माहितगार मंडळी दुसरे कारण देतात. माऊस, कीबोर्ड, हेडफोन आणि वाय-फाय या सर्वांची वारंवारता २.४ गिगाहर्ट्झ, म्हणून ही भांडणे. यात तथ्य आहे. भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने परवानामुक्त झाला. मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यात, सुमारे २.४५ गिगाहर्ट्झवर चालते. परवाना न लागण्याची एक अटही आहे. इतरांना त्रास द्यायचा नाही, आणि आपल्याला त्रास झाला तर संरक्षण मागायचे नाही. गावाच्या मोकळ्या मैदानासारखी ही जागा आहे. तिथे कोणीही खेळावे, पण खेळपट्टी माझीच असे म्हणू नये.

ब्लूटूथची रचना करणाऱ्यांना ही गर्दी ठाऊक होती. नेहमीच्या ब्लूटूथने या पट्ट्याचे एकेक मेगाहर्ट्झ रुंदीचे ७९ मार्ग केले आहेत, आणि तो सेकंदाला १,६०० वेळा मार्ग बदलतो. २००३ च्या सुधारित आवृत्तीपासून त्यात आणखी एक युक्ती आली. कोणत्या मार्गांवर गर्दी आहे याची नोंद ठेवून ते मार्ग टाळायचे आणि निदान २० मार्ग हाताशी ठेवायचे. वाय-फायचा एक मार्ग साधारण २० मेगाहर्ट्झ रुंद असतो. तो टाळला तरी ब्लूटूथला पन्नासाहून अधिक मार्ग उरतात. बिनतारी माऊस तर अगदी थोडा वेळ आणि थोडक्यात बोलतो. म्हणूनच एका खोलीत चारपाच बिनतारी उपकरणे बहुधा गुण्यागोविंदाने नांदतात. ‘वारंवारता एकच म्हणून भांडण’ हे कारण पूर्ण असते, तर ती कधीच नांदली नसती.

मुलीने ज्या डबीकडे बोट दाखवले होते, ती मात्र बिनतारी नव्हती. तिला चांगली जाड, निळ्या टोकाची वायर होती. तारेने जोडलेली वस्तू बिनतारी हेडफोनला त्रास कसा देईल, या शंकेमुळेच तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

तारेतून निसटणारा गोंगाट

निळे टोक ही बहुधा यूएसबी ३.० ची खूण असते. २००८ साली हे मानक आले. त्यात सेकंदाला ५०० कोटी बिट धावतात, म्हणजे एका बिटच्या वाट्याला २०० पिकोसेकंद येतात. तेवढ्या काळात प्रकाशही जेमतेम सहा सेंटिमीटर जातो. आता तारेतून ०, १, ०, १ असे बिट एकाआड एक चालले आहेत असे समजू. एक पूर्ण आवर्तन दोन बिटांचे, म्हणजे ४०० पिकोसेकंदांचे झाले. त्याची वारंवारता किती? वर्गातच भागाकार करून पाहावा. उत्तर २.५ गिगाहर्ट्झ येते. ब्लूटूथचा पट्टा २.४८३५ ला संपतो, म्हणजे आपण अगदी दाराशी आलो.

प्रत्यक्षात बिट असे शिस्तीत येत नाहीत, आणि मुद्दामच विस्कटून पाठवले जातात. त्यामुळे ऊर्जा एका वारंवारतेवर न साठता अगदी खालपासून पाच गिगाहर्ट्झच्या जवळपासपर्यंत पसरते. २.४ गिगाहर्ट्झचा सबंध पट्टा तिच्या छायेत येतो.

तीक्ष्ण चढाच्या स्पंदात अनेक वारंवारता एकदम दडलेल्या असतात, हे तत्त्व आपल्या शहराला नवे नाही. १९९० च्या दशकात येथील मराठवाडा विद्यापीठात प्रा. एस. सी. मेहरोत्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच तत्त्वावर द्रवांचा अभ्यास केला. पन्नास पिकोसेकंदांहूनही कमी काळात चढणारा विद्युत स्पंद तारेतून द्रवाच्या नमुन्याकडे पाठवायचा आणि परत फिरलेला स्पंद टिपायचा, अशी ती पद्धत होती. त्या एका स्पंदातून १० मेगाहर्ट्झपासून १० गिगाहर्ट्झपर्यंतच्या वारंवारतांना द्रव कसा प्रतिसाद देतो, हे त्यांना काढता येई. तिथे अनेक वारंवारता एकदम मिळणे हा लाभ होता. यूएसबीच्या तारेत तोच गुण शेजाऱ्याला तापदायक ठरतो.

तारेवर धातूचे कवच असते, मग गोंगाट बाहेर येतो कसा? तो मुख्यतः जोडणीच्या टोकाशी, खाचेशी आणि डिस्कच्या डबीतून निसटतो. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर आहे. तिच्या पाव-अर्ध्या लांबीची, म्हणजे तीन ते सहा सेंटिमीटरची फट किंवा उघडी तार ही तिच्यासाठी चांगली अँटेना ठरते. जोडणीच्या टोकाशी ढिले बसलेले कवच या कामाला पुरते.

ही गोष्ट कोणी लपवून ठेवलेली नाही. एप्रिल २०१२ मध्ये इंटेल कंपनीने स्वतःच एक तांत्रिक अहवाल काढून सांगितले, की यूएसबी ३.० ची डिस्क जोडल्यावर २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील गोंगाट तिच्या निकट सुमारे २० डेसिबलने वाढू शकतो. वीस डेसिबल म्हणजे शक्तीच्या हिशेबात शंभरपट. आता पलीकडच्या बाजूला हेडफोनचा आवाज किती क्षीण असतो ते पाहा. ब्लूटूथच्या मानकानुसार रिसीव्हरला निदान एका वॉटच्या एक हजार कोटीव्या भागाइतका संदेश ओळखता आला पाहिजे. इतक्या क्षीण संदेशाशेजारी शंभरपट गोंगाट उभा राहिला की काय होणार, हे सांगायला नको.

येथे मार्ग बदलण्याची युक्तीही थिटी पडते. वर्गात एका कोपऱ्यात दोघे बोलत असतील तर आपण दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बोलू शकतो. पण शाळेच्या पत्र्यावर पाऊस कोसळू लागला तर कोणत्याही कोपऱ्यात गेले तरी ऐकू येत नाही. वाय-फाय हे त्या कोपऱ्यातील बोलणे, आणि यूएसबीचा गोंगाट हा पत्र्यावरचा पाऊस.

एक शंका चौकस विद्यार्थी नक्की काढतील. गोंगाट संगणकापाशी आहे आणि हेडफोन तर मुलीच्या कानावर, दीड हात दूर. मग हेडफोनला ऐकू का येत नाही? शंका रास्त आहे. हेडफोनला बहुधा ऐकू येतेच! पण प्रत्येक तुकडा मिळाल्यावर हेडफोन संगणकाला ‘पोहोचला’ अशी पोच देतो. ती पोच संगणकाजवळच्या गोंगाटात हरवते. संगणक तोच तुकडा पुन्हा पाठवतो, वेळ जातो, हेडफोनमधील साठा संपतो आणि आवाज तुटतो. बहिरा झालेला असतो संगणक. आपण बदलत राहतो हेडफोन. शाळेचे दोन हेडफोन असेच वाया गेले.

नियम पाळूनही त्रास

मग अशा वस्तू विकायला परवानगी कशी मिळते, असा प्रश्न पडेल. विद्युत उपकरणांनी किती गोंगाट बाहेर टाकावा याच्या आंतरराष्ट्रीय मर्यादा आहेत. पण त्या घरगुती वस्तूंसाठी तीन किंवा दहा मीटर अंतरावर मोजल्या जातात. शेजारच्या घरातील रेडिओला त्रास होऊ नये, हा त्यामागील जुना विचार. आज पीडित रिसीव्हर शेजारच्या घरात नसतो, तो त्याच संगणकावर दोन सेंटिमीटरवर बसलेला असतो. बाईंच्या संगणकावर ब्लूटूथचा नखाएवढा डोंगल आणि डिस्कची वायर एकमेकींना खेटून लावलेल्या होत्या. अशा वेळी प्रत्येक वस्तू नियमात बसते, आणि तरीही दोघी मिळून चालत नाहीत. हेडफोनच्या खोक्यावर ‘१० मीटर पल्ला’ असे ठळक छापलेले असते, पण डोंगल यूएसबी ३.० च्या खाचेपासून दूर लावावा, एवढी साधी ओळ मी तरी खोक्यावर पाहिलेली नाही. उत्पादकांवर माझी टीका आहे ती इथे.

खोडद आणि पार्क्स

हीच कहाणी फार मोठ्या प्रमाणावर पाहायची असेल तर पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जावे. प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या पुढाकाराने तेथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांपैकी १४ मध्यभागी आणि १६ तीन भुजांवर सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. ही जागा निवडताना मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असणे हे एक महत्त्वाचे कारण होते. दुर्बिणीचे काम साधारण १५०० मेगाहर्ट्झच्या खाली चालते, त्यामुळे ब्लूटूथ थेट तिच्या पट्ट्यात येत नाही. पण मोबाइलचे मनोरे, ठिणग्या टाकणाऱ्या विजेच्या तारा आणि संगणकही तिला त्रास देतात. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तेथे भरणाऱ्या प्रदर्शनाला शाळांच्या सहली जातात. तबकड्यांचा आकार पाहून मुले थक्क होतात हे ठीक. पण ‘इथे शांतता का जपावी लागते?’ हा प्रश्न शिक्षकांनी मुलांना त्या तबकड्यांखालीच विचारावा.

गोंगाटाचा स्रोत शोधावा कसा, याचा उत्तम पाठ ऑस्ट्रेलियातील पार्क्सच्या दुर्बिणीने दिला. तिथे १९९८ पासून अधूनमधून क्षणिक, विचित्र संदेश टिपले जात. ते पृथ्वीवरचेच असावेत अशी शंका होती, पण उगम कळत नव्हता. २०१५ मध्ये उलगडा झाला. व्यत्ययावर पाळत ठेवणारे वेगळे यंत्र बसवले गेले, तेव्हा त्याच क्षणी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासही ऊर्जा दिसली, आणि संशय मायक्रोवेव्ह भट्टीवर गेला. मग संशोधकांनी भट्टी चालू असताना तिचे दार मध्येच उघडून पाहिले, दुर्बीण योग्य दिशेला असताना, पुन्हा पुन्हा. संदेश हुकमी निर्माण झाला! स्रोत सापडला असे म्हणण्याचा अधिकार त्यांना तेव्हा मिळाला.

वर्गातील चाचणी

आम्ही शाळेत तेच केले. प्रथम वाय-फाय बंद केले, तरी आवाज तुटतच राहिला. मग खरी चाचणी. डिस्कची घुरघुर मुलीला ओळखू येई, म्हणून तिच्याऐवजी आवाज न करणारा यूएसबी ३.० चा पेन ड्राइव्ह घेतला. एका मुलाने नाणे उडवायचे. छापा आला तर पेन ड्राइव्ह लावून त्यावर मोठी फाइल उतरवायची, काटा आला तर नुसते लावल्याचे सोंग करायचे. मुलीने आवाज ऐकून ‘लावला’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगायचे. असे दहा वेळा. निव्वळ अंदाजाने दहाही उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १,०२४ मध्ये एक असते, हे मुलांनी फळ्यावर काढले. मुलीची दहाही उत्तरे बरोबर आली.

नंतर मीटरभर लांबीची यूएसबीची जोडवायर घेऊन ब्लूटूथचा डोंगल टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेला. अंतर दसपट झाले की गोंगाटाची शक्ती ढोबळमानाने शंभरावा भाग उरते, म्हणजे वाढलेले २० डेसिबल तिथेच फिटतात. डबी घुरघुरत राहिली आणि आवाज सलग आला.

ज्या शाळांत हे साहित्य नाही, त्यांनी जुना ट्रान्झिस्टर मध्यम लहरींवर, दोन केंद्रांच्या मधल्या जागी लावावा. मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवा, संगणक एकेक करून जवळ न्यावा, चालू-बंद करावा आणि किती अंतरावर खरखर थांबते ते वहीत मांडावे. वारंवारता वेगळी असली तरी तत्त्व तेच.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. आवाज तुटला की दोष यूएसबीचाच, असे नवे पाठांतर करू नये. उतरलेली बॅटरी, मध्ये आलेले माणसाचे शरीर, दमलेला संगणक, गजबजलेले वाय-फाय ही कारणेही असतात. कोणते कारण लागू आहे हे चाचणीच सांगेल. आणि परीक्षेच्या दिवशी, शंका असो वा नसो, साधा तारेचा हेडफोन द्यावा.

निघताना बाईंनी मुलीची वही मागवून घेतली आणि तो शेरा खोडला. त्याखाली त्यांनी काय लिहिले ते मी पाहिले नाही. मुलीला मात्र त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवले: “निरीक्षण उत्तम.”